बुऱ्हाणपूरचे जुने फोटो कडेने पाहा

बुऱ्हाणपूरचे इंग्रजी अमलातले फोटो म्हटलं की शाही किल्ला, जामा मशीद आणि तापीचे घाट हेच समोर येतात. त्यावरून हे शहर तेव्हा मोगलांच्या आठवणींवर दिवस काढत होतं, असा समज होतो. मला तो पटत नाही. १८६० मध्ये शिंद्यांकडून शहर इंग्रजांकडे गेलं, त्याच दशकात रेल्वे आणि नगरपालिका आली, १९०६ मध्ये ताप्ती मिल उभी राहिली. मग फोटोंत ही वर्दळ का नाही? कारण पुरातत्त्वाच्या नोंदीसाठी आलेल्या कॅमेऱ्याला इमारत हवी होती, बाजार नव्हे. शिवाय सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना प्रकाश बराच वेळ द्यावा लागे. चालता माणूस पुसट होई, कधी पार नाहीसा होई. रस्ता रिकामा दिसतो तो यामुळेही.

म्हणून ही वर्दळ घरोघरच्या स्टुडिओतल्या फोटोंत शोधावी. कुणी म्हणेल, ते फोटो तरी कुठे खरे? पडदा रंगवलेला, खुर्ची स्टुडिओची, माणसं ताठ बसलेली. मान्य. पण सजण्यातही पुरावा असतो. ज्या शहराची जरतार दूरवर जात होती, तिथल्या बाईनं फोटोसाठी कोणतं लुगडं निवडलं, काठ केवढा, पदर कसा मुद्दाम पुढे घेतला, हे किल्ल्याचा फोटो कधीच सांगणार नाही. म्हणून असे फोटो स्कॅन करताना मागची बाजूही नक्की घ्या. स्टुडिओचा शिक्का, साल, नातं बहुधा तिथेच असतं.