डिपरची रेघ

गाडीतून सोडवून टेबलावर ठेवलेला हेडलाइट हातात घेतला, की दिसतो त्यापेक्षा बराच हलका लागतो. मागे काळ्या प्लास्टिकचं घर, आत चकचकीत रिफ्लेक्टर, पुढे पॉलिकार्बोनेटची काच आणि या सगळ्यांना सांधणारी चिकट सीलंटची कड. गाडीचा मालक बल्ब बदलतो, फार तर फडक्याने काच पुसतो. ही कड सोडवून दिवा उघडणारी, आतलं काम करून तो पुन्हा पाणी शिरणार नाही असा बंद करणारी माणसं वेगळी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत बल्बांचे खोके पायलीचे पन्नास मिळतात. दिवा उघडू शकणारा हात मात्र शोधावा लागतो.

यातले अनेक जण मूळचे ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारीही ठरलेल्या: काच पिवळी पडली, आत पाणी साचलं, ठोकरीत दिव्याचा कान, म्हणजे त्याला गाडीला धरून ठेवणारी पट्टी, तुटला, आणि सर्वांत जास्त ऐकू येणारी म्हणजे, ‘रात्री काही दिसत नाही, लाईट वाढवून द्या.’ कारागिराचा कस लागतो तो या शेवटच्या मागणीवर. हेडलाइट किती उजेड फेकतो यापेक्षा तो उजेड कुठे थांबवतो, यावर त्याची लायकी ठरते. हे ज्याला उमगलं तो कारागीर, बाकीचे बल्बविक्रेते.

आधी दिवा उघडण्याचं पाहू. सीलंट मुख्यतः दोन जातींचं असतं. ब्युटाइल उष्णतेने मऊ पडतं. दिवा 100 अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवला, की काच हळूहळू सुटून येते आणि मधे काळे चिकट धागे ताणले जातात. पॉलिकार्बोनेट साधारण 147 अंशांना मऊ पडू लागतं, म्हणजे हाताशी थोडी मोकळीक असते. पण हीट गन एकाच जागी रेंगाळली तर काचेवर कायमची लहर उमटते. दुसरी जात पॉलियुरेथेनची. ती उष्णतेला दाद देत नाही. तिथे पातळ पात्याने कड कापत जावं लागतं, आणि त्या खटपटीत पुष्कळ काचा तडकतात. समोरचा दिवा कोणत्या जातीचा आहे हे ओव्हन लावण्याआधी ओळखणं, ही या कामातली पहिली परीक्षा.

काच सुटली की चकचकीत रिफ्लेक्टर उघडा पडतो, आणि नवखा माणूस नेमका तिथे फडकं घेऊन धावतो. ती चकाकी म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो. जाडी मायक्रॉनच्या एका अंशाइतकी. सुती कापडानेही त्यावर ओरखडे उठतात आणि ते परत जात नाहीत. म्हणून जाणता कारागीर धूळ फक्त हवेने उडवतो. दिवा बंद करताना हीच काळजी. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन स्वस्त आणि हाताशी असतं. पण ते वाळताना ॲसेटिक ॲसिडची वाफ सोडतं आणि बंद दिव्यात ती वाफ ॲल्युमिनियमला खाते. सुपरग्लूची वाफ काचेला आतून पांढरट साय आणते. नीट काम करणारा जुनं सीलंट खरवडून काढतो, खाचेत ब्युटाइलची नवी दोरी बसवतो, पुन्हा गरम करून काच दाबतो आणि क्लॅम्प लावून थंड होऊ देतो.

पाण्याची तक्रार पावसाळ्यात हमखास येते. हेडलाइट हवाबंद नसतो, तो श्वास घेतो: पेटला की आतली हवा फुगते, विझला की आकसते, आणि ही ये-जा मागच्या छोट्या व्हेंटमधून होते. काचेवर आतून हलकी वाफ धरली आणि दिवे लावल्यावर थोड्या वेळात ती उडून गेली, तर चिंता नसावी. तळाशी पाणी डुचमळत असेल, तर कुठेतरी भेग आहे. अशा वेळी घाईने व्हेंट बुजवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यामुळे त्रास वाढतोच. दिवा थंड होताना बाहेरची ओल त्या भेगेतून आत ओढली जाते. भेग शोधायची रीत साधी. व्हेंट तात्पुरते बंद करायचे, आत हलकी हवा भरायची आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा दिवा पाण्याच्या टबात धरायचा. बुडबुडे येतील ती जागा.

तुटलेल्या कानाची गंमत निराळी. दिव्याचं घर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि या प्लास्टिकला सुपरग्लू किंवा एम-सील नीट धरत नाही. चार दिवसांत खड्ड्यात गाडी आदळली की जोड निखळतो. तिथे त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्ड करावं लागतं आणि आत तारेची बारीक जाळी गाडावी लागते. एका कानापायी अख्खा दिवा भंगारात जाणं, हे मला दर वेळी खटकतं. अर्ध्या तासाच्या कामात तो पुढे वर्षानुवर्षं चालू शकतो.

पिवळ्या काचेचंही तसंच. पॉलिकार्बोनेट काचेपेक्षा हलकं आणि चिवट, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे नाजूक. म्हणून कारखान्यात त्यावर कडक संरक्षक लेप चढवलेला असतो. काही वर्षांत तो उडतो आणि मग उघडं प्लास्टिक पिवळं पडतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 मध्ये असे दिवे तपासले, तेव्हा त्यांचा उजेड नव्याच्या सुमारे एक पंचमांश भरला. म्हणजे ‘लाईट वाढवून द्या’ म्हणणाऱ्या कित्येकांना बल्बाची गरजच नसते. पाण्याचा पॉलिश पेपर 600 पासून 1000, 2000, 3000 असा चढत्या क्रमाने फिरवायचा, मग मशीनने पॉलिश आणि सर्वांत शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा लेप टाळून नुसतं चकचकीत करून दिलेली काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टच्या नुसख्याचं पितळ उघडं पडतं ते इथेच.

आता मूळ मागणीकडे येऊ. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत अजून एच4 बल्ब आहे: 60/55 वॉट, एकाच काचेत दोन फिलामेंट. युरोपात तो 1971 पासून चालत आला. त्याच्या डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच उजळतो आणि परतलेला झोत रस्त्याकडे झुकतो. अपरच्या फिलामेंटला वाटी नसते. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेली असतात. एखाद्या मिलिमीटरनेही उजेडाचा उगम सरकला, की झोत विस्कटतो.

म्हणूनच रिफ्लेक्टरच्या दिव्यात एचआयडी, म्हणजे झेनॉनचा, किंवा स्वस्त एलईडी बल्ब खोचणं हा माझ्या लेखी सुधारणेच्या नावाखालचा उपद्रव आहे. झेनॉनचा डी2एस बल्ब 35 वॉटमध्ये 3200 ल्यूमेन देतो. एच4 चा डिपर 55 वॉटमध्ये 1000 च्या आसपास. तिप्पट उजेड, पण उगमाचा आकार वेगळा. तो उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे उधळतो. गाडीत बसलेल्याला बोनेटपुढची दहा पावलं लख्ख दिसतात म्हणून तो खूश, आणि समोरून येणारा दुचाकीवाला आंधळा. घाटाच्या वळणावर त्या दोन-तीन सेकंदांची किंमत काय असते, हे रात्री खंबाटकी उतरलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

यावर कारागिरांनी काढलेली वाट म्हणजे प्रोजेक्टर बसवणं, त्यांच्या भाषेत रेट्रोफिट. प्रोजेक्टरची रचना सुंदर आहे. मागे लंबगोलाकार रिफ्लेक्टर. त्याच्या एका नाभीवर बल्ब, दुसऱ्या नाभीपाशी उजेड एकवटतो. तिथेच धातूचा पातळ पडदा उभा असतो आणि पुढे जाड भिंग. भिंग प्रतिमा उलटी करतं, म्हणून खालून आलेला पडदा रस्त्यावर वरचा उजेड कापतो. भिंतीवर झोत टाकला, तर खाली लख्ख प्रकाश, वर काळोख आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. तिच्या काठावर भिंगातल्या अपवर्तनाने निळी-जांभळी झाक उमटते. अपर लावला की सोलेनॉइड टक्कन पडदा पाडतो आणि वरचा काळोखही उजळतो. बीएमडब्ल्यूने 1991 मध्ये आपल्या 7 सिरीजमध्ये झेनॉन दिवे आणले. एकाच दिव्यात अपर-डिपर दोन्ही झेनॉनवर चालवण्याची सोय मर्सिडीझने 1999 मध्ये दिली. या कारागिरांचं काम त्या तंत्राच्या पाऊलखुणांवर चालतं.

त्या रेघेत एक बारकावा आहे. ती सरळ नसते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ती डाव्या बाजूला थोडी वर चढते. कडेचा पादचारी, मैलाचा दगड, पाटी त्यात दिसते आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांपासून ती खालीच राहते. अमेरिकेतल्या किंवा युरोपच्या मुख्य भूमीवरच्या गाड्यांमधून निघालेल्या जुन्या प्रोजेक्टरात हाच चढ उजवीकडे असतो. तो जसाच्या तसा इथे बसवला, तर झोताचा वर गेलेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जपान आणि ब्रिटनमधले प्रोजेक्टर आपल्याला चालतात, कारण तिथेही वाहतूक डावीकडून. विकत घेताना हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. म्हणून ते सांगणं कारागिराचं कर्तव्य ठरतं. पडदा बदलून चूक सुधारताही येते.

वायरिंगचं काम दिसत नाही, पण त्याचा हिशेब चोख असतो. हॅलोजन बल्बला मिळणारा विद्युतदाब 10 टक्क्यांनी घटला, की उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. अनेक जुन्या गाड्यांत दिव्याचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून येतो आणि वाटेतच व्होल्ट गळतात. उपाय रिलेचा: बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर 30 नंबरच्या पिनला, 87 वरून दिव्याला, आणि जुन्या स्विचकडे फक्त 85-86 चं नाजूक काम. एवढ्यावरच तोच 55 वॉटचा बल्ब नव्याने पेटल्यासारखा वाटतो. हे न करता 100/90 वॉटचा बल्ब घातला, तर आधी होल्डर वितळतो आणि मग रिफ्लेक्टर भाजतो. शिवाय असा बल्ब रस्त्यावर कायदेशीरही नाही. एचआयडीच्या बॅलास्टला तर हात लावताना दुप्पट सावधगिरी हवी. बल्ब पेटवायला तो क्षणभर 20,000 व्होल्टच्याही वर जातो. रंगाच्या मोहाबद्दलही सांगायला हवं. 4300 केल्विनचा किंचित पिवळसर पांढरा उजेड तेवढ्याच वॉटमध्ये सर्वाधिक काम करतो. 8000 ची निळाई मिरवायला बरी, पण रस्त्यावर पडणारा उजेड कमी.

शेवटचं काम भिंतीसमोरचं. सपाट जमीन, चाकांत योग्य हवा, चालकाच्या जागी माणूस, आणि भिंत 10 मीटरवर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला पट्टी चिकटवायची आणि डिपरची रेघ तिच्याखाली 10 सेंटिमीटर येईपर्यंत मागचे स्क्रू फिरवायचे. हा झाला 1 टक्क्याचा उतार. दोन्ही दिव्यांच्या रेघा एका पातळीत आणि आडव्या हव्यात. प्रोजेक्टर घरात किंचित तिरका बसला, तर रेघ कलते, आणि दिवा बंद केल्यावर ते दुरुस्त करायला पुन्हा ओव्हन तापवावा लागतो. म्हणून काच लावण्याआधी अंधारात झोत पाहून, प्रोजेक्टर केसभर फिरवून मगच मागचा नट आवळायचा. महागड्या प्रोजेक्टरची सगळी पुण्याई या दहा सेंटिमीटरवर टिकते किंवा वाया जाते.

कायद्याची बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो, की 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून 1.5 मीटरवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. दिव्याला मंजुरी मिळते ती पूर्ण युनिट म्हणून. तो उघडून आत दुसरा प्रोजेक्टर बसवला, की ती मंजुरी त्याच्यामागे उभी राहत नाही. कितीही निगुतीने केलेलं रेट्रोफिट त्यामुळे आज कायद्याच्या अडचणीत असतं. काच उजळणं, गळती थांबवणं, कान जोडणं, मूळ वॉटच्या बल्बासाठी वायरिंग सुधारणं आणि रेघ जागेवर आणणं या कामांना मात्र मूळ दिवा बदलावाच लागत नाही, आणि बहुतेक गाड्यांची गरज तेवढ्याने भागते.

महाराष्ट्राला या बाबतीत कशाची वाण नाही. दिव्यांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. संभाजीनगरच्या व्हॅरॉकने 2012 मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा धंदा विकत घेतला आणि 2022 पर्यंत जगभरच्या गाड्यांना हेडलाइट पुरवले. इतकं ज्ञान इथे असताना गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनपर्यंत त्यातलं फारच थोडं झिरपतं. आयटीआयच्या अभ्यासात झोत जुळवणीला ठसठशीत जागा मिळावी, धुराची तपासणी होते तिथे डिपरचीही व्हावी, आणि दिवा उघडून प्रोजेक्टर बसवणाऱ्या कसबी हातांना तपासणी करून घेण्याचा परवडणारा मार्ग असावा. तोवर गिऱ्हाइकाच्या हातात एक गोष्ट आहे. दिव्याचं काम करून घेताना ‘उजेड किती वाढला?’ याच्या आधी ‘रेघ कुठे पडते, दाखवा’ असं म्हणावं, आणि भिंतीसमोर घालवलेल्या त्या अर्ध्या तासाचे पैसे खळखळ न करता द्यावेत. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांसाठी केलेला तो खर्च असतो, आणि पुढच्या वळणावर आपणही कुणासाठी समोरून येणारेच असतो.