जुनी मोटरसायकल ठेवायची की नवी घ्यायची? आधी हा हिशोब करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून गावोगावी एकच चर्चा आहे. घरची जुनी गाडी काढून नवी घ्यावी का? पोरगं म्हणतं, घेऊ. बाप म्हणतो, या गाडीने कधी वाटेत सोडलं नाही, कशाला काढायची? बरं, कुणाची गाडी वडिलांनी पहिला ऊस गेल्यावर घेतलेली असते, कुणाची लग्नातली. तिची किंमत एक्स्चेंजमध्ये मिळणाऱ्या पैशात होत नाही. तरी निर्णय घ्यायचा तर हिशोब मांडावाच लागेल.

पेट्रोल वाचतं, पण किती?

समजा रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस गाडी चालते. म्हणजे वर्षाला ९ हजार किलोमीटर. जुनी गाडी लिटरला ४५ देते आणि नवी ६० देईल असं धरू. जुनीला २०० लिटर पेट्रोल लागेल, नवीला १५०. पन्नास लिटर वाचलं. १०५ रुपये दर धरला तर वर्षाला सव्वापाच हजार रुपये.

आता दुसरी बाजू. ७० हजाराचं कर्ज तीन वर्षांसाठी काढलं, तर व्याजासकट महिन्याचा हप्ता सव्वादोन ते अडीच हजाराच्या घरात जातो. वर्षाला २७ ते ३० हजार. वाचलेल्या पेट्रोलमधून दोन-सव्वादोन हप्ते निघतात. म्हणून फक्त ॲव्हरेजसाठी नवी गाडी घेणं परवडत नाही.

शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि सोयाबीन-कापसाचा पैसा वर्षातून एकदा. घरात दुधाचं बिल येत असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या पिकावर भागत असेल तर हंगामात पैसा हातात आल्यावर जास्त रक्कम आधी भरा आणि कर्ज कमी काढा.

१५ वर्षं झाली की गाडी बाद होते का?

नाही. हा मोठा गैरसमज आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. फी १००० रुपये आहे. गाडी २० वर्षांपुढची असेल तर २००० रुपये. आपल्या राज्यात १५ वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २००० रुपये पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवावी लागते, ती ५३१ रुपयांची. म्हणजे १५ वर्षं झालेल्या गाडीला पाच वर्षांसाठी साधारण साडेतीन हजार रुपये. उशीर केला तर महिन्यामागे ३०० रुपये दंड चढतो. आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपवर मुदतीची तारीख आजच बघून घ्या.

गाडी कुणाच्या नावावर आहे?

खरी अडचण इथे येते. वडील जाऊन पाच वर्षं झाली, गाडी अजून त्यांच्याच नावावर, चालवतो मुलगा. असं घरोघरी दिसतं. नियमाप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं. पण ते गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्यालाच असतं. उद्या मुलाला काही झालं तर घरच्यांच्या हाती काय येणार? वडिलांची आठवण म्हणून गाडी ठेवायची असेल, तर ती आधी स्वतःच्या नावावर करा.

मिस्त्रीकडून काय तपासायचं?

क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, टायर हा नेहमीचा खर्च. त्यासाठी गाडी काढू नये. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय, इंजिनचं काम निघेल. तेही एकदा करून घेता येतं. पण चेसिस गंजली असेल, वेल्डिंगच्या जागी चीर असेल किंवा पुढचा फोर्क वाकला असेल, तर जीव लावून उपयोग नाही.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. जुना पेट्रोल पाइप बदलायला फार खर्च येत नाही.

ब्रेकचा विचार

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं. यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. त्यापुढच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. जुन्या गाडीत हे नाही. गाव ते शेत एवढंच जाणं असेल तर चालून जातं. पण पहाटे दुधाचे कॅन लावून हायवेने जायचं असेल, मागे बायको-पोरं बसत असतील, तर नव्या गाडीचं खरं कारण हे आहे.

विकणार असाल तर

ओळखीचाच आहे म्हणून पैसे घेऊन चावी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव बदलल्याची खात्री करा. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिला आहे. विकलेल्या गाडीपायी शेत विकायची वेळ यायला नको.

थोडक्यात, चेसिस धड, कागद आपल्या नावावर आणि जाणं-येणं गावापुरतं असेल तर जुनी गाडी खुशाल ठेवा. रोजचा हायवे, मागे माणसं किंवा ओझं आणि दर महिन्याला हातात पैसा असेल तर नवी घ्या. दोन्ही ठेवायच्या असतील तर विमा, पीयूसी दोन्हींचं लागेल. शेताचा रस्ताही रस्ताच असतो.