रिकाम्या टाकीचा महिना

रविवारी सकाळी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात शोभेच्या माशांच्या दुकानांपुढे उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. बाबांचे बोट धरलेले पोर, काउंटरवर नवी कोरी काचेची टाकी, शेजारी निळ्या-गुलाबी खडीची पिशवी आणि हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ-दहा मासे. सगळे एकाच बिलात. संध्याकाळपर्यंत टाकी भरते, दिवा लागतो, शेजारपाजारचे बघून जातात. आठवड्या-दोन आठवड्यांत मासे एकेक करून वर तरंगू लागतात आणि घरात निष्कर्ष निघतो, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’

लाभण्याचा यात काही संबंध नसतो. ती टाकी मासे ठेवण्याजोगी झालेलीच नसते. माझे म्हणणे असे, की नवी टाकी निदान महिनाभर माशांवाचून चालवावी. फिल्टर सुरू, पाणी फिरते, खडी-वनस्पती सगळे जागच्या जागी. मासा मात्र एकही नाही. हे सांगितले की लोक मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी मासे घेऊन येतात. आमच्या मजल्यावरची एक मुलगी शाळेतून येताना रोज डोकावायची. “काकू, आज तरी आले का मासे?” मी तिच्या हातात परीक्षानळी द्यायचे आणि थेंब मोजायला लावायचे. चिकाटी तिच्यात मोठ्यांपेक्षा बरीच जास्त होती.

आधी सामानाचे उरकून टाकते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी नवख्यांना उत्तम. काठोकाठ भरली तर तिच्यात 56 लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45 ते 50. भरल्यावर वजन 70 किलोच्या आसपास जाते, तेव्हा टीव्हीखालचे लेचेपेचे कपाट विसरा. तळाखाली थर्माकोलचा पत्रा घालावा, म्हणजे काचेवर भार सारखा पडतो. खिडकीतले ऊन थेट येत असेल तर शेवाळ माजते. सिलिकॉनला आंबूस वास येत असेल तर ते अजून पुरते वाळलेले नाही. प्रत्येक वायरीला प्लगपर्यंत वर जाण्याआधी खाली झोळ हवा. ओघळलेले पाणी मग सॉकेटमध्ये न शिरता तिथून ठिबकून जाते. हीटर मुंबई-कोकणात क्वचितच लागतो, पुण्या-नाशकाच्या थंडीत हवाच. टाकीत हात घालण्याआधी त्याचा प्लग काढायचा. धुताना साबण कशालाच लावायचा नाही. आणि गोल बाउल? त्यात मासा ठेवू नये, एवढेच त्याबद्दल बोलण्यासारखे आहे.

खडीपाशी मात्र मी जरा रेंगाळणार आहे. दुकानातली असो वा नदीकाठची, ती पाणी नितळ येईपर्यंत धुवावी आणि मग एका खड्यावर व्हिनेगर टाकून बघावे. फसफसले तर त्यात चुना आहे. तो पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो. शिंपले, प्रवाळ, संगमरवर, सगळे फसफसतात. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, शांत राहतो. पण त्यातही एक गंमत आहे. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या झाल्या आणि त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. काही कॅल्साइटचे, जे फसफसते, आणि काही झिओलाइट गटातल्या खनिजांचे, ज्यांसाठी जळगाव, नाशिक आणि पुण्याच्या परिसरातल्या खाणी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात गेले होते तेव्हा बरोबरची मंडळी रंग बघत होती आणि मी स्टिलबाइट-ह्युलँडाइटच्या पाट्या वाचत फिरत होते. कारण ह्युलँडाइटचा सख्खा भाऊ शोभावा असा क्लिनोप्टिलोलाइट नावाचा झिओलाइट मत्स्यपालनात वापरतात. तो पाण्यातला अमोनियम आपल्या सूक्ष्म छिद्रांत पकडून ठेवतो. मिठाच्या पाण्यात भिजवला की सोडून देतो आणि पुन्हा कामाला लागतो. दुकानात ‘अमोनिया रिमूव्हर’ म्हणून पिशव्या मिळतात त्या बहुधा याच्याच. वस्तू चांगली आहे, पण नव्या टाकीत ती घालू नये. ज्यांना या महिन्यात वाढवायचे आहे त्यांच्याच तोंडचा घास ती काढून घेते.

ते कोण, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, अखंड. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, 50 लिटरच्या टाकीत साठतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, एक बरेचसे निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरे विषारी अमोनिया. त्यांचे प्रमाण पाण्याच्या पीएचवर ठरते. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर विषारी रूप अर्ध्या टक्क्याच्या जरासे वर असते; पीएच 8 झाला की ते पाच टक्क्यांवर जाते. म्हणून सारख्याच अमोनियात मुंबईच्या नळाच्या पाण्यातले मासे तगतात आणि बोअरवेलच्या जड पाण्यातले मरतात. हा अमोनिया खाऊन काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच: रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते निकामी करते, कल्ले तपकिरी पडतात, मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. हे दोन्ही प्रकारचे जीवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. शिवाय वाढतात फार सावकाश. दूध नासवणारे जीवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसाहून जास्त लागतो.

याचा शोध कसा लागला ती हकीकत मला माशांइतकीच आवडते. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ते जगवून दाखवले. घरगुती मत्स्यालयाची कल्पना तिथून रुळली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. हे बहुतेक पुस्तकांत असते. त्यांत सहसा नसते ते पुढचे. याच वॉरिंग्टनचा मुलगा, नाव तेही रॉबर्टच, रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात कामाला लागला आणि जमिनीतल्या अमोनियाचे नायट्रेट कसे होते यावर त्याने वर्षानुवर्षे खपून काम केले. हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात, हे त्याने ताडले. बापाने टाकी मांडली आणि ती चालते कशाने हे मुलाच्या हाती लागले. पण मुलगा शेतीसाठी झटत होता, टाकीसाठी नव्हे.

त्याला दिशा मिळाली ती पॅरिसहून. 1877 मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका लांब नळीत वाळू आणि थोडी चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी थेंब थेंब सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही. जेवढा अमोनिया वरून जाई तेवढाच खालून येई. मग नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले, आणि शेवटी अमोनिया नाहीसा झाला. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती वीस दिवस थांबली कशाला असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी ती सुरू होईना. जिवंत मातीचे थोडे पाणी ओतल्यावर झाली. मला विचाराल तर नव्या टाकीबद्दल शिकण्यासारखे सगळे या एका नळीत आहे. वीस दिवसांचा खंड म्हणजे आपला रिकामा महिना. मातीचे पाणी म्हणजे जुन्या टाकीतला स्पंज. चुनखडी का घातली होती, तेही पुढे येईलच.

या जीवाणूंना वेगळे करून वाढवणे धाकट्या वॉरिंग्टनला साधले नाही, कारण जिलेटिनवर वाढवायची तेव्हाची रीत यांना मानवत नाही. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने सेंद्रिय अन्न पूर्णपणे टाळून ते साधले. नायट्रोबॅक्टर नायट्राइट खातो हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत बसले, मत्स्यालयांच्या पुस्तकांतही. 1998 मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर हे काम नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच जीवाणू करताना आढळला. आणि 2015 मध्ये नायट्रोस्पायराचेच असे प्रकार सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची दोन्ही कामे एकट्याने उरकतात. त्यातला एक मिळाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरशी जोडलेल्या यंत्रणेतून. शंभरहून अधिक वर्षे दोघांचे मानलेले काम एकटा करणारा जीव माशांच्या घाणीत बसलेला होता!

लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेले की सगळे कासवापाशी जमत आणि मी टाकीत शिरणारे पाइप शोधत बसे. तेव्हा हे कळले असते तर बरे झाले असते.

आता प्रत्यक्ष कृती. पाणी भरले की आधी क्लोरीन घालवायचा. पाणी बादलीत चोवीस तास, शक्यतो हवेचा दगड सोडून, ठेवले तरी भागते. नाहीतर दुकानातला ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटोच्या डार्करूममध्ये फिल्म पक्की करायला वापरत तेच हे. क्लोरीन माशांइतकाच आपल्या जीवाणूंच्या मुळावर येतो, म्हणून स्पंज पुढेही कधी नळाखाली धुवायचा नाही. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा.

मग जीवाणूंना खाऊ. मासा नसताना अमोनिया आणायचा कुठून? परदेशी पुस्तके घरगुती अमोनियाची बाटली सांगतात. आपल्याकडे याहून सोयीची वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे: नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. वाड्यात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात पांढरी पूड टाकायचा, धुराचा लोट उठायचा आणि मग कथील आरशासारखे फिरायचे. ती पूड हीच. मात्र टाकीसाठी बाजारातला नवसागर घेऊ नका, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाचा मिळतो. 50 लिटर पाण्यात दर लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया हवा असेल तर साधारण 0.3 ग्रॅम नवसागर पुरतो. घरच्या काट्यावर इतके तोलता येत नाही, म्हणून तीन ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावे आणि त्यातले 100 मिलिलिटर घालावे. जास्त घालून काम लवकर होत नाही, उलट अडते.

सोबत थेंबांचे टेस्ट किट हवेच: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. पहिले काही दिवस अमोनिया ढिम्म हलत नाही. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. नायट्राइटचा टप्पा सर्वांत लांब आणि रटाळ. लोक धीर सोडतात तो इथे. अमोनिया शून्यावर आला की नवसागराचा अर्धा डोस देत राहावे. इथेच मुंबई-ठाणेकरांना एक खास अडचण येते. भातसा-वैतरणेचे पाणी मऊ असते, त्यात क्षार फार नसतात. अमोनिया खाताना हे जीवाणू आम्ल तयार करतात आणि ते पेलणारे क्षार संपले की पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली गेला की काम मंदावते, आणखी उतरला तर ठप्प होते. श्लोसिंग-म्युंट्झच्या नळीत चुनखडी होती ती याचसाठी. आपण चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि पुन्हा पीएच बघावा. उष्ण हवा मात्र आपल्या बाजूने आहे. 28-30 अंशांवर हे जीव खुशीत वाढतात.

हा महिना निम्म्यावर आणायचा खात्रीचा उपाय एकच. ज्याची टाकी वर्षभर निरोगी चालली आहे अशा स्नेह्याकडून स्पंजचा तुकडा विरजणासारखा मागून आणायचा, ओला, वाटेत सुकू न देता, आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. बाटलीतल्या तयार जीवाणूंबद्दल माझे मत फारसे बरे नाही. काही चालतात, पण उन्हाळाभर तापलेल्या दुकानाच्या फळीवर बसलेल्या बाटलीत जिवंत काय उरले, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो.

दोन मिलिग्रॅमचा पुरा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, की टाकी तयार. निम्म्याहून अधिक पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढून टाका आणि एक-दोन दिवसांत मासे आणा, नाहीतर जीवाणू उपाशी पडतील. सुरुवातीला सहा झेब्रा डॅनिओ पुरे. हा आपल्याच देशातला मासा, 1822 मध्ये हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात नोंदवलेला, काटक आणि सतत पळता. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा, थोडे थोडे टाकीतले पाणी तिच्यात घाला, मग मासे जाळीने सोडा. पिशवीतले पाणी फेकून द्या. पहिल्या दिवशी खायला काही नको. पुढचे मासे दोन-तीन आठवड्यांनी.

एवढे झाल्यावर दुकानदार म्हणेल, “मॅडम, टाकी साफ ठेवायला एक सकर घेऊन जा.” नाही म्हणा. बोटाएवढा दिसणारा तो मासा फुटाच्या वर वाढतो, साफसफाईपेक्षा घाणच जास्त करतो, आणि टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला तलावात किंवा नदीत सोडून येतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत तो आता नको तितका सापडतो आणि जाळी फाडतो. तो घेऊ नका, आणि घरात आधीच असेल तर बाहेरच्या पाण्यात सोडू नका, दुकानात परत द्या.