हिवतापाच्या परजीवीचे महागडे जेवण

हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो तेव्हा निवारा आणि अन्न त्याला आयतेच मिळते, पण ते अन्न पचवणे मोठे जोखमीचे. पेशीतल्या हिमोग्लोबिनचा अर्ध्याहून अधिक भाग तो फस्त करतो. प्रथिनातली अमिनो आम्ले कामी येतात आणि मागे उरते लोहयुक्त हीम. मोकळे हीम विषारी असते. शिवाय त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होताना सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. पेरॉक्साइडचा फडशा पाडणारे कॅटलेज हे विकर या परजीवीजवळ नाहीच. म्हणून तो ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन या रेणूंवर निभावून नेतो, माणसाच्या पेशीतले एक संरक्षक प्रथिन आत ओढून घेतो आणि हीमचे निरुपद्रवी स्फटिक करून साठवतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हा परजीवी ओळखला, तो या स्फटिकांच्या काळपट कणांवरूनच!

औषधांचा सर्वात भेदक मारा या हीमच्या जागीच होतो, असे मला वाटते. क्लोरोक्विन हीमचे स्फटिक होऊ देत नाही. तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळवून देणाऱ्या आर्टेमिसिनिनच्या रेणूत पेरॉक्साइडचा बंध असतो. हीममधले लोह तो तोडते आणि त्यातून सुटलेले क्रियाशील कण परजीवीच्या प्रथिनांची नासधूस करतात. परजीवी स्वतःची विकरे बदलू शकतो, हीम कसे बदलणार? ते तर माणसाचे.

यावर पहिला आक्षेप असा: मग या औषधांना तो दाद देईनासा का झाला? क्लोरोक्विनच्या बाबतीत त्याने हिमोग्लोबिन जिथे पचते त्या पचनपोकळीच्या पडद्यातले एक वाहक प्रथिन बदलले आणि औषध बाहेर काढायला सुरुवात केली. आर्टेमिसिनिनच्या बाबतीत, कंबोडियात आढळलेल्या, केल्च-१३ जनुक बदललेल्या वाणाने सुरुवातीच्या अवस्थेत हिमोग्लोबिन खाणेच कमी केले. औषध जागे करणारे हीमही मग कमी पडले. म्हणजे हीमवर तोडगा त्याला अजून सापडलेला नाही, पळवाटा तेवढ्या सापडल्या आहेत, आणि कमी खाण्याची वाढीत किंमत मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पेरॉक्साइडसारख्या क्रियाशील कणांचा हा ताण आपल्या पेशींनाही सोसावा लागतो. तो पेलायला मदत करणाऱ्या जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असलेल्यांना प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध दिले, तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात ही तपासणी गोळीआधी व्हायला हवी. गंमत म्हणजे हीच उणीव गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षणही देते, कारण अशा पेशीत परजीवीलाही ताण पेलवत नाही.