टकटक

घरातील म्हातारी माणसे काही बोलली नाहीत, तरी त्यांच्या खोकल्यावरून प्रकृती कळते. आमच्या दहा वर्षांच्या लॅपटॉपचेही तसेच झाले. श्रावणात एके रात्री विद्यार्थ्यांचे गुण त्यात भरीत बसलो असता आतून टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि यंत्र जागच्या जागी थिजले.

“आता नवाच घ्या!” सौभाग्यवती म्हणाल्या. पण त्या यंत्रात माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ४२ ओव्या मुद्रित केलेल्या होत्या. आई जाऊन तीन वर्षे झाली, आणि त्यांची दुसरी प्रत काढण्याचे काम मी रोज उद्यावर टाकीत आलो होतो.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्त करतो. त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “सर, आधी बंद करा. पुनःपुन्हा चालू करून पाहू नका. हार्ड डिस्क जायला आली आहे.”

दुसऱ्या दिवशी त्याने मला सारे समजावून दिले. डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. आमच्या डिस्कमधील मिनिटाला ५४०० फेरे घेत. वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगते. ते बिघडले, की जागा शोधण्यासाठी मागे-पुढे धडपडते. तीच ही टकटक. १९५६ साली आय. बी. एम.ने पहिली डिस्क आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत!

त्याने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. “जे पैसे टाकून मिळणार नाही, ते पहिल्यांदा,” एवढेच तो म्हणाला. ओव्या एकेक करून उतरू लागल्या. ३९ आल्या, आणि डिस्कने कायमची मान टाकली.

पुढचे काम सोपे निघाले. बॅटरी सोडवली, मागचे झाकण उघडले, स्क्रू वाटीत ठेवले. नवी डिस्क एसएसडी जातीची. तिच्यात फिरणारे काही नाही. मजकूर चिपमध्ये राहतो. आकार अडीच इंची, जोडणीही तीच. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड आणि नवी सात, म्हणून कडेला पातळ चौकट बसवावी लागली. पूर्वी चहाला आधण येईपर्यंत वाट पाहायला लावणारे यंत्र आता अर्ध्या मिनिटात जागे होते.

पण ही नवी डिस्क मुकी आहे. तिला खोकला नाही. जायची वेळ आली तर ती न सांगताही जाईल. म्हणून ओव्यांची एक प्रत आता बहिणीच्या घरी आहे आणि एक माझ्या कपाटात. गेलेल्या तिनांपैकी एक ओवी बहिणीला पाठ होती. तिने ती म्हणून पाठवली. शब्द तेच आहेत. आवाज मात्र आईचा नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण चोपड्या पुजतो. वाचकहो, त्या संध्याकाळी घरातल्या लॅपटॉपमधील मुंजीची, बारशांची, आजी-आजोबांची चित्रे दुसरीकडे उतरवून ठेवा. टकटक ऐकू येण्याची वाट पाहू नका.