क्यू-मीटरने वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वाचे मापन

अमेरिकेतील बून्टन रेडिओ कॉर्पोरेशनचे १६०-ए व २६०-ए हे क्यू-मीटर जुन्या उपकरणांचे हौशी अभ्यासक आजही वापरात ठेवतात. वेटोळे ज्या रेडिओ वारंवारतेवर काम करणार, तिथेच ते मोजता येते, हा यांचा मोठा गुण होय.

वेटोळ्याशी परिवर्ती धारित्र जोडून अनुस्पंदन साधले जाते. काटा महत्तम विचलन दाखवी तेव्हा २५,३३० या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेचा वर्ग व पिकोफॅरडमधील धारकता यांच्या गुणाकाराने भागावे. प्रवर्तकत्व मायक्रोहेन्रीत मिळते. १ मेगाहर्ट्झला २०० पिकोफॅरड आल्यास ते सुमारे १२६.६ ठरते. मात्र हे मूल्य आभासी आहे, कारण वेढ्यावेढ्यांमध्येही थोडी धारकता असते. म्हणून वारंवारता दुप्पट करून पुन्हा वाचन घ्यावे. समजा, ४७ पिकोफॅरड आले. पहिल्या वाचनातून याची चौपट वजा करून ३ ने भागल्यास वेटोळ्याची स्वधारकता ४ पिकोफॅरड येते. ती २०० मध्ये मिळवून पुन्हा गणित केल्यास खरे प्रवर्तकत्व १२४.२ मायक्रोहेन्री निघते. एकाच वाचनावर विसंबणारा येथे सुमारे दोन टक्क्यांनी चुकतो.

२६०-ए मधील थर्मोकपल फार नाजूक असते. आंदोलकाचा प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास ते जळते, आणि तसे दुसरे मिळणे दुरापास्त. यास्तव वारंवारतेचा पट्टा बदलण्यापूर्वी प्रवाहाचे नियंत्रक किमान स्थितीत आणावे लागते.