कार्बनाची नळी आणि मिरजेचा तंबोरा



सातारा आणि सांगली या दोन गांवीं मीं आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकविलें. वीज एका धड्यांत, ताण व कंपन दुसऱ्या धड्यांत. दोहोंची गांठ मीं कधीं पडूं दिली नाहीं. ही चूक मला मिरजेंत उमगली.

ज्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो तेथील एक कारागीर लावीत होता. चौथी खुंटी पिळतांच पहिली तार किंचित् उतरली. कारण वाढत्या ताणानें घोडीखालची तबली लवली होती. तो पुन्हां पहिलीकडे वळला. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, तेव्हां चारी तारा एकमेकींशीं पटल्या.

आतां एक फारच बारीक तार पाहूं. १९९१ सालीं जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनीं कार्बनाच्या सूक्ष्म नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. एका अणूच्या जाडीचा कार्बनाचा पत्रा गुंडाळावा, तशी एकपदरी नळी असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या दहा लक्षांशाच्या आसपास. २००४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत अशी नळी दोन टोकांना जखडून खालच्या थराला विजेचा दाब दिला. दाब बदलला, तसा नळीचा सूर बदलला. येथें खुंटी पिळणारा हात विजेचा!

मात्र हिशेब सरळ नाहीं. विजेनें नळी खालीं ओढली जाते व ताणली जाते. ती खालीं आली कीं अंतर घटतें, तिच्यावरील विद्युत्-भार वाढतो, आणि ओढ आणखी वाढते. शिवाय ताणामुळें अणूंमधील अंतरें बदलतात, म्हणून प्रवाहहि बदलतो. यास्तव गणिती प्रथम वीज मोजतो, तीवरून वांक काढतो, त्या वांकावरून वीज पुन्हां मोजतो. उत्तर स्थिरावेपर्यंत फेऱ्या चालूं ठेवतो. हजारांश मिलिमीटर लांबीच्या नळींतहि लाखभर अणु असूं शकतात. म्हणून पुष्कळदां तो तिला अखंड लवचिक तार मानतो.

ही दक्षता कशासाठीं? एका मर्यादेपलीकडे विजेची ओढ नळीच्या लवचिकतेवर मात करते. नळी खालच्या थरावर आदळते व तेथेंच चिकटूं शकते. तंबोऱ्याची तुटलेली तार बदलतां येते. ही नळी डोळ्यांना दिसतहि नाहीं. म्हणून चूक कागदावरच पकडावी लागते.

उलट, सुरावरून पदार्थाचा स्वभावहि कळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ग्रॅफीनच्या, म्हणजे त्याच न गुंडाळलेल्या पत्र्याच्या, कंपनांचा अभ्यास झाला. थंड होतांना तो आकसत नाहीं, उलट पसरतो, हें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत सुरावरूनच दिसलें.

घरीं मुलें विज्ञानाचें पुस्तक उघडतील, तेव्हां त्यांना एवढें सांगा: धडे वेगळे छापले आहेत ते आपल्या सोयीसाठीं, निसर्गानें ते वेगळे केलेले नाहींत.